मोठ्या मोटार कंपन्यांचे घोडे विजेच्या गाडीपाशीच का पेंड खाते?

जुना_टर्नर (धागाकर्ता)

वर्धा रोडवर हिरव्या नंबरप्लेटच्या, म्हणजे विजेच्या, गाड्या मोजायला लागलो तर टाटा, महिंद्रा आणि एमजी ही तीनच नावे पुन्हा पुन्हा दिसतात. ज्या मारुतीची गाडी महालापासून मानकापूरपर्यंत प्रत्येक गल्लीत उभी आहे, तिची विजेवरची पहिली गाडी, म्हणजे ई-विटारा, गुजरातेतल्या हंसलपूरच्या कारखान्यातून ऑगस्ट २०२५ मध्ये बाहेर पडू लागली. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्येच बाजारात आली होती. मध्ये साडेपाच वर्षे गेली. मारुतीच्या अभियंत्यांना विजेची मोटर बसवता येत नव्हती, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. मग उशीर कशाचा? टोयोटा, फोक्सवॅगन, फोर्ड यांच्याबाबतही हाच प्रश्न विचारता येतो.

माझी सगळी नोकरी हिंगणा एमआयडीसीत इंजिनाच्या सुट्या भागांच्या मशीनिंगमध्ये गेली, म्हणून मी याकडे कारखान्याच्या बाजूने पाहतो. मोटार कंपनी गाडीतले बहुतेक सगळे बाहेरून विकत घेते. दिवे, सीट, काचा, ब्रेक, वायरिंग, टायर हे सारे व्हेंडरकडून येते. पण इंजिनाचा ब्लॉक, हेड आणि क्रँकशाफ्ट यांचे काम बऱ्याच कंपन्या स्वतःच्या छपराखाली ठेवतात, कारण तीच त्यांची खरी विद्या असते. शंभर वर्षांत नवे कोणी या धंद्यात सहजासहजी शिरू शकले नाही, याचे मोठे कारण इंजिन हेच आहे. धुराचे नियम जसजसे कडक झाले, तसतशी ती भिंत आणखी उंच झाली.

विजेच्या गाडीत ही विद्या एका फटक्यात बिनकामाची होते. गाडीच्या किमतीचा सर्वांत मोठा हिस्सा बॅटरीत जातो, आणि बॅटरीचे सेल बनवणारे आहेत सीएटीएल, बीवायडी, एलजी यांच्यासारखे लोक. काल जो स्वतः उत्पादक होता, तो आज दुसऱ्याच्या मालाचा गिऱ्हाईक होतो.

त्यात पैसा अडकलेला असतो. क्रँकशाफ्टची मशीनिंग लाइन एकदा उभी केली की ती त्याच क्रँकशाफ्टसाठी असते, तिच्यावर दुसरे काही होत नाही, आणि तिची किंमत वसूल व्हायला पुष्कळ वर्षे लागतात. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे, कडक नियम लागू झाले. त्यासाठी सगळ्या कंपन्यांनी इंजिनांवर नुकतेच हजारो कोटी ओतले होते. ज्याने काल नव्या इंजिनावर पैसा लावला, त्याला आज ते इंजिन टाकून दे म्हटले तर तो ऐकेल का? मारुतीने त्याच वेळी डिझेल इंजिने सोडून दिली, हेही विसरू नये. सोडणे जमत नाही असे नाही. सोडलेले परवडते की नाही, एवढाच हिशेब असतो.

जाणकारांनी भर घालावी.

धंतोलीचा_हिशेबनीस

उत्तम धागा. हिशेबाची बाजू मांडतो.

फोर्डने मार्च २०२२ मध्ये आपला कारभार तीन भागांत विभागला: पेट्रोल-डिझेलच्या गाड्या, व्यावसायिक ग्राहकांच्या गाड्या आणि विजेच्या गाड्या. त्यामुळे कधी नव्हे ते आतले आकडे उघडे पडले. २०२३ मध्ये विजेच्या विभागाला सुमारे ४.७ अब्ज डॉलरचा तोटा झाला आणि उरलेल्या दोन्ही विभागांनी प्रत्येकी सात अब्जांहून अधिक कमावले. भागाकार करून ‘प्रत्येक गाडीमागे ४० हजार डॉलरचा तोटा’ अशा बातम्या झळकल्या. तो भागाकार दिशाभूल करणारा आहे, कारण त्या तोट्यात पुढच्या पिढीच्या गाड्यांवरचा संशोधनखर्चही धरलेला होता. तरीही संचालक मंडळाच्या टेबलावर हा कागद आला की काय होत असेल, याची कल्पना करावी. एक विभाग पैसा आणतो आहे, दुसरा खातो आहे, आणि खाणाऱ्याने जितक्या जास्त गाड्या विकाव्यात तितके आणणाऱ्याचे गिऱ्हाईक कमी होणार आहे. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने सुमारे साडेएकोणीस अब्ज डॉलरचा फटका हिशेबात घ्यायचे जाहीर केले आणि एफ-१५० लाइटनिंग हा गाजावाजा केलेला विजेवरचा पिकअप तेव्हाच्या रूपात बंद केला.

नव्या कंपनीला ही अडचण नसते. टेस्लाने वर्षानुवर्षे तोटा दाखवला आणि गुंतवणूकदारांनी तो सोसला, कारण तिच्याकडे बुडवण्यासारखा दुसरा धंदाच नव्हता. जुन्या कंपनीच्या भागधारकाला दर तिमाहीला लाभांश हवा असतो. टाटा मोटर्सने ऑक्टोबर २०२१ मध्ये विजेच्या प्रवासी गाड्यांसाठी वेगळी उपकंपनी काढून टीपीजी या गुंतवणूक कंपनीकडून ७,५०० कोटी रुपये आणायचे ठरवले, त्यामागे हेही कारण असावे असे माझे मत आहे. वाट पाहणारा पैसा आणि लाभांश मागणारा पैसा एका गल्ल्यात ठेवला की रोज भांडण होते.

मिहानवाला

काकांनी बॅटरीचे सांगितले, पण दुसरी विद्याही जुन्या कंपन्यांकडे नव्हती, ती म्हणजे सॉफ्टवेअर. मी याच क्षेत्रात काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पेट्रोल गाडीत ब्रेकचा ईसीयू, म्हणजे नियंत्रण करणारा छोटा संगणक, एका व्हेंडरचा, खिडक्यांचा दुसऱ्याचा, सीटचा तिसऱ्याचा असतो. खरेदी विभाग प्रत्येकाला दुसऱ्याशी भिडवून रुपया-दोन रुपये कमी करून घेतो आणि त्याबद्दल शाबासकी मिळवतो. फोर्डचे प्रमुख जिम फार्ली यांनीच एका मुलाखतीत सांगितले आहे की त्यांच्या गाड्यांत अशी सुमारे १५० मॉड्युले असतात, प्रत्येकाचे सॉफ्टवेअर वेगवेगळ्या पुरवठादाराच्या मालकीचे असते, आणि सीटच्या नियंत्रणात एवढासा बदल करायचा तरी त्या पुरवठादाराची परवानगी मागावी लागते. त्यांच्या मस्टँग माक-ई या विजेच्या गाडीचे वायरिंग हार्नेस, म्हणजे तारांचे जाळे, टेस्लाच्या तुलनेत १.६ किलोमीटर जास्त लांब आणि सुमारे ३२ किलो जड निघाले, हेही त्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. हे वाचताना नवल वाटते. पण एकदा कोणाच्या तरी टेबलावर हार्नेसचे ड्रॉइंग पाहिले की नवल संपते. प्रत्येक डब्यापासून प्रत्येक डब्यापर्यंत वेगळी तार जाते, कारण ते डबे एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी केलेलेच नसतात. विजेच्या गाडीत जादा ३२ किलो ओढायचे म्हणजे बॅटरीही तेवढी मोठी लागते, म्हणजे खर्च दोनदा होतो.

फोक्सवॅगनने हे ओळखले नाही असे नाही. २०२० मध्ये त्यांनी सॉफ्टवेअरसाठी स्वतंत्र संस्था उभी केली, जिला पुढे कॅरियाड हे नाव मिळाले. पण आयडी.३ या गाडीचे सॉफ्टवेअर वेळेवर पुरे झाले नाही, गाड्या तयार होऊन मैदानात उभ्या राहिल्या आणि पहिल्या ग्राहकांना काही सोयींविनाच गाडी घ्यावी लागली. पुढे जुलै २०२३ मध्ये त्यांनी चीनच्या एक्सपेंगमध्ये ७० कोटी डॉलर गुंतवले आणि जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या रिव्हियनशी पाच अब्ज डॉलरपर्यंतचा करार जाहीर केला. ज्या कंपनीकडे अभियंत्यांची फौज आहे, तिला काल जन्मलेल्या कंपनीकडून सॉफ्टवेअर घ्यावे लागले. माणसे हुशार नव्हती म्हणून हे झाले असे मला वाटत नाही. ज्या खुर्चीवर बसून निर्णय होतात, तिथे आयुष्यभर इंजिन आणि गिअरबॉक्स केलेली माणसे होती, आणि त्यांच्या लेखी सॉफ्टवेअर म्हणजे दरपत्रक मागवून विकत आणायचा आणखी एक सुटा भाग होता.

टॅक्सी_आणि_तर्री

सगळ्यांनी कंपन्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, म्हणून वकीलपत्र घेतो. नागपूरकरांना तरी २०१७ विसरता कामा नये. मे २०१७ मध्ये ओलाने महिंद्राच्या साथीने देशातला विजेवरच्या टॅक्सींचा पहिला मोठा प्रयोग आपल्याच शहरात सुरू केला. एकूण २०० वाहनांची योजना होती, त्यांत महिंद्राच्या ई-टू-ओ प्लस गाड्याही होत्या, आणि उद्घाटनाला मुख्यमंत्री आणि केंद्रीय मंत्री दोघेही होते. वर्षभराच्या आत बातम्या आल्या त्या चार्जिंगच्या रांगांच्या, रांगांमुळे रहिवाशांनी घेतलेल्या हरकतींच्या, आणि गाडी परत करून पुन्हा डिझेलकडे वळू पाहणाऱ्या चालकांच्या. माझ्या ओळखीच्या एका चालकाचा हिशेब साधा होता: गाडी चार्जिंगला उभी म्हणजे तेवढा वेळ मीटर बंद, आणि बँकेचा हप्ता मात्र चालू.

हे पाहून एखाद्या मोठ्या कंपनीने ठरवले असेल की आधी दुसऱ्यांचे हात पोळू द्यावेत, तर त्याला भित्रेपणा कसे म्हणावे? २०१० मध्ये बॅटरीचा भाव एका किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये तो ११५ डॉलरवर आला. जो थांबला त्याला स्वस्त बॅटरी मिळाली. शिवाय सरकारी धोरणही एका जागी टिकत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि विजेच्या गाड्यांवरचा ५ टक्केच राहिला. म्हणजे करातली तफावत एका रात्रीत निम्म्याच्या जवळपास आली. अशा जमिनीवर कोणी कारखाना बांधायचा?

जुना_टर्नर

वकील साहेब, मुद्दा वजनदार आहे आणि अर्धा मला मान्य आहे. टॅक्सीसाठी २०१७ ची गाडी आणि २०१७ चे चार्जिंग दोन्ही कच्चे होते. पण ‘थांबलो म्हणून स्वस्त बॅटरी मिळाली’ हे गिऱ्हाइकाचे गणित आहे, उत्पादकाचे नव्हे. ज्यांनी त्या चौदा वर्षांत सेल बनवले, भाव त्यांनी खाली आणला आणि कसब त्यांच्याच हाती राहिले. बीवायडी १९९५ मध्ये बॅटरी कंपनी म्हणून सुरू झाली आणि २००३ मध्ये एक डबघाईला आलेली मोटार कंपनी विकत घेऊन गाड्यांत उतरली. मार्च २०२२ मध्ये तिने निव्वळ पेट्रोलच्या गाड्या बनवणे बंद केले. थांबणाऱ्याला भाव मिळतो, पण तो भाव कोण ठरवणार हे त्याच्या हातात राहत नाही.

पारा_सत्तेचाळीस

पहिले पाऊल टाकूनही जुन्या सवयी आड येतात, याचे उदाहरण आपल्या उन्हाळ्याला लागू पडते म्हणून देतो. निसान ही जुनीच कंपनी, आणि तिने लीफ ही गाडी २०१० च्या अखेरीस, म्हणजे बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या आधी, मोठ्या प्रमाणावर विकायला काढली. पण बॅटरी थंड ठेवण्यासाठी तिने द्रवाची व्यवस्था दिली नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या उन्हात तिथल्या मालकांच्या लक्षात आले की बॅटरीची क्षमता अपेक्षेपेक्षा लवकर घटते आहे, आणि प्रकरण कोर्टात गेले. अॅरिझोना काय आणि मे महिन्यातले नागपूर काय, दोन्हीकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पेट्रोल गाडीत जिथे चार पैसे वाचवायची सवय असते, तिथेच विजेच्या गाडीत वाचवले तर ते बॅटरीच्या आयुष्यातून वजा होतात. आज आपल्याकडच्या विजेच्या मोटारींत द्रवाने थंड होणारी बॅटरी आणि उष्णता सोसणारे लोह-फॉस्फेट सेल सर्रास दिसतात, त्यामागे हा धडा आहे.

शोरूमच्या_आतून

मी नागपुरातल्या एका डीलरकडे काम करतो; कोणत्या ते विचारू नये. कंपनीला विजेची गाडी विकायची असेल, पण ती विकणारा डीलर असतो आणि त्याचे पोट कशावर चालते ते पाहा. नव्या गाडीवर डीलरला फार सुटत नाही. खरी कमाई सर्व्हिस, सुटे भाग, विमा आणि कर्जाच्या दलालीतून होते. पेट्रोल गाडी ठरलेल्या किलोमीटरला आली की इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि वर लेबर. पुढे क्लच प्लेट, मग टायमिंग बेल्ट. विजेची गाडी आली की आमचा मुलगा लॅपटॉप जोडतो, एसीचा फिल्टर बदलतो, ब्रेक ऑइल आणि कूलंट तपासतो, टायर पाहतो आणि गाडी धुऊन देतो. ब्रेक पॅडसुद्धा लवकर झिजत नाहीत, कारण वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते. बिल पाहून ग्राहक खूश होतो आणि वर्कशॉप मॅनेजर भिंतीकडे पाहतो.

विक्रीतही तेच. पेट्रोल गाडीचे गिऱ्हाईक एका बैठकीत रंग ठरवते. विजेच्या गाडीचे गिऱ्हाईक चार वेळा येते. सोसायटीत चार्जर बसवू देतील का, समृद्धीवरून एका चार्जमध्ये कुठवर पोहोचू, आठ वर्षांनी बॅटरीचे काय, असे विचारते, आणि शेवटी वडिलांना घेऊन येते व वडील पेट्रोलच म्हणतात. सेल्समनला दोन्ही गाड्यांवर सारखाच इन्सेन्टिव्ह असेल तर तो गिऱ्हाइकाला कोणत्या गाडीकडे वळवील? मी स्वतः पाहिले आहे, टेस्ट ड्राइव्हची विजेची गाडी चार्ज करायला कोणाला आठवणच नसते. टेस्लाकडे डीलरच नाहीत, ती थेट विकते. जुन्या कंपनीला डीलरला बाजूला सारता येत नाही, कारण तिच्या उरलेल्या सगळ्या गाड्या त्याच डीलरच्या हातात आहेत.

नवखा_गोरेवाडा

मी शिकाऊ आहे, शंका चुकीची वाटल्यास क्षमा असावी. टाटा आणि महिंद्रा याही जुन्याच कंपन्या आहेत, आणि ह्युंदाईसुद्धा. मग त्यांना कसे जमले? वय हे कारण असते तर सगळेच अडकायला हवे होते.

जुना_टर्नर

बाळा, शंका अगदी बरोबर आहे, किंबहुना धाग्याचा गाभा तिथेच आहे. वयाचा संबंध नाही. कोणाचे किती पणाला लागले होते, ते पाहायचे. २०१९-२० मध्ये प्रवासी गाड्यांच्या बाजारात टाटांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास होता आणि मारुतीचा निम्मा होता. छोटे, किफायतशीर पेट्रोल इंजिन हीच मारुतीची खरी पुंजी आहे. टाटांनी विजेवर डाव लावला तेव्हा त्यांच्या हातून निसटण्यासारखे थोडे होते. महिंद्राने २०१० मध्ये बेंगळुरूची रेवा घेतली आणि पुढे बरीच वर्षे तिच्यातून फारसे काही निघाले नाही, कारण स्कॉर्पिओ आणि बोलेरो डिझेलवर उत्तम चालत होत्या. मनापासूनचा प्रयत्न बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये दिसला. ह्युंदाईला घरच्या घरी, कोरियातच, एलजी, सॅमसंग आणि एसके असे तीन बॅटरीवाले मिळाले.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर टाटांची आरती होईल. नेक्सॉन ईव्ही ही मुळात पेट्रोल-डिझेलच्या सांगाड्यात बसवलेली बॅटरी होती. त्यामुळे ती लवकर आणि स्वस्तात आली, पण जागा आणि वजन यांत तडजोड राहिली. निव्वळ विजेसाठीची रचना त्यांच्याकडे २०२४ च्या पंच ईव्हीपासून आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एमजीची विंडसर आली आणि बॅटरी भाड्याने द्यायच्या कल्पनेने तिने टाटांच्या पुढ्यातले ताट ओढले. पहिले येणे आणि पहिले राहणे यांत अंतर असते.

धंतोलीचा_हिशेबनीस

यात एक भर. पणाला लागलेल्यांत कामगारही येतात. फोक्सवॅगनच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगार प्रतिनिधींच्या आहेत आणि लोअर सॅक्सनी या राज्याकडे २० टक्के मताधिकार आहे. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख हर्बर्ट डीस यांनी विजेच्या गाड्यांचा आग्रह धरताना नोकरकपातीचा विषय काढला, युनियनशी बिनसले आणि २०२२ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्यामागे सॉफ्टवेअरची रखडपट्टीही होतीच. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच कंपनीने युनियनशी करार करून २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करायचे ठरवले. जे आधी बोलायचे नव्हते, ते दोन वर्षांनी सहीनिशी करावे लागले. विजेच्या मोटरला लागणारे हात कमी असतात, हे तिथल्या प्रत्येक कामगाराला माहीत होते. म्हणून तर तो विरोध करत होता, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही केला असता.

टॅक्सी_आणि_तर्री

वकीलपत्र अजून मागे घेतलेले नाही, पण डीलरवाल्या भाऊंच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, हे नोंदवून ठेवतो.

बुटीबोरी_जॉबवर्क

सगळा धागा वाचला. एक व्यावहारिक प्रश्न आहे. माझे छोटे युनिट आहे. एका मोठ्या व्हेंडरसाठी आम्ही इंजिन हेडचे जॉब वर्क करतो. तो म्हणतो मशीन वाढवा, पण लेखी ऑर्डर दोनच वर्षांची देतो. बँकेचे कर्ज पाच वर्षांचे होते. एक व्हीएमसी (संगणकाच्या प्रोग्रामवर वेगवेगळी कामे करणारे मशीन) आणि एक खास हेडसाठीचे एसपीएम (एकाच कामासाठी बनवून घेतलेले मशीन) अशी दोन कोटेशने हातात आहेत. ट्रॅक्टरचे काम करणारे शेजारी निश्चिंत आहेत, त्यांचे डिझेल इतक्यात कुठे जात नाही. मी काय करावे?

जुना_टर्नर

दोन मशीनांना एकाच तागडीत तोलू नका. व्हीएमसीला इंजिन माहीत नसते. आज त्यावर अॅल्युमिनियमचे हेड चढते, उद्या फिक्स्चर (भाग पकडून ठेवणारी चौकट) आणि प्रोग्राम बदलून मोटरचे हाउसिंग किंवा इन्व्हर्टरचे कव्हर चढेल. तेही अॅल्युमिनियमचेच कास्टिंग असते, बोअरची गोलाई आणि कूलंटच्या वाटेची गळती-चाचणी इथेच काय ती कसोटी लागते, आणि हेडवर हात बसलेल्या माणसाला दोन्ही अवघड नाहीत. एसपीएम मात्र त्या एका हेडसाठीच जन्मते. हेड गेले की ते भंगाराच्या भावात जाते, आणि मोठ्या कंपन्यांच्या छपराखाली नेमकी तशीच मशीने रांगेने उभी आहेत. त्या कंपन्यांना ती सोडवत नाहीत. तुम्ही अजून विकत घेतलेले नाही.

व्हीएमसी घ्या. एसपीएम हवेच असेल तर व्हेंडरला म्हणा की मशीन तुझे, जागा आणि माणसे माझी. तो तयार झाला नाही, तर त्या हेडबद्दल त्याला स्वतःला किती खात्री आहे ते तुम्हाला तिथेच कळेल.